चावीला लावायची बॅटरी

गुरुपादप्पा : हिचाबी उजेड पिवळाच. वरणाच्या वरच्या पान्यासारखा. काय कामाचा?

खाजामियाँ : अप्पा, ही सातवी हाय. चावीला लावायची बॅटरी म्हनजे एवढीच राहते. हिच्यात काय सूर्य भरून देऊ?

शिवकांता : द्या भरून. वर एवढा फुकट जळायलाय, तेवढाच कमी होईल.

खाजामियाँ : हौ भाभी, सडकेचं डांबर चपलेला चिकटायलंय आज. पानी देऊ का? थोडंच हाय, पन माठातलं हाय.

शिवकांता : ठेवा तुमच्या घरच्यास्नी. आमी पान्याचा टँकर घिऊन फिरतो, आन् तुमी आमालाच पाजता व्हय?

खाजामियाँ : तो समोर निमाच्या झाडाखाली उभा हाय, तो तुमचा?

गुरुपादप्पा : ठेकेदाराचा. मी चालवतो. मोरतळवाडीच्या खेपा, एक दिसाआड. तू दुसरी दाखव.

खाजामियाँ : ही बघा. पोलादी, पेन्सिल सेलची. ही बोटभर, दोन गोल सेल, उजेड निळा पडतो. ही प्लास्टिकची, दाबून धरायची; बोट काढलं की बंद. आन् ही...

शिवकांता : हिच्यावर काय लिवलंय?

खाजामियाँ : ‘उदगीर जिल्हा’.

शिवकांता : झाला का जिल्हा?

खाजामियाँ : कुठला! पेपरात आलतं, होनार, होनार. मी हैद्राबादला गेलतो तवा दोनशे छापूनच आनल्या. म्हनलं साहेब लोक येतील, कलेक्टर येईल, समदे चावीला लावून फिरतील. जिल्हा तिथंच, बॅटऱ्या हितंच.

शिवकांता : ठेवा जपून. पानी आदी येतंय का जिल्हा आदी येतोय, बगू. लातूरला म्हनं रेल्वेनं पानी आलं. जिल्हा आसला की पान्याची रेल्वे येती. आमाला आपले हेच.

गुरुपादप्पा : साकु, पुरे आता तुझी बडबड. बॅटरी बग.

खाजामियाँ : पन अप्पा, एवढं बारीक कायकू बघायलाव? कुलूप उघडायला पाहिजे का इंजनात बघायला? कामाप्रमानं देतो ना.

गुरुपादप्पा : मागं घ्यायला.

खाजामियाँ : म्हनजे?

शिवकांता : मी सांगते. टँकर गावच्या विहिरीत रिकामा करायचा आस्तो. मग बाया शेंदून घेतात. विहीर गावाच्या मदी, बोळ ही एवढी. पाहटंचं आंधार आस्तो. गाडीचा मागचा दिवा फुटलाय, तो ठेकेदार बसवंना. मग मी विहिरीच्या कठड्याला पाठ लावून हुबी ऱ्हाते आन् बॅटरी वर धरते. हे आरशात उजेड बगत बगत मागं येतात. मी हात खाली केला की थांबतात.

खाजामियाँ : तुम्ही? गाडी आन् विहिरीच्या मदी तुम्ही? क्लीनर कुठं गेला?

गुरुपादप्पा : पुन्याला पळाला.

शिवकांता : क्लीनर पळाला पुन्याला. बायको कुठं पळती?

खाजामियाँ : मग मोठी बॅटरी घ्या की भाभी. हातभर उजेडाची.

शिवकांता : गाडी थांबली की लगीच हातात पाइप आस्तो ना. पाइपाचं तोंड दोनी हातानं धरावं लागतं, तो सापावानी उडतो. बॅटरी बोटात आडकवायची. म्हनून ही चावीची. कडी बोटात जाती.

खाजामियाँ : आदी होती का कोनती?

गुरुपादप्पा : होती. काल पाहटं ऐन टायमाला बंद पडली. हिनंच सांगितलं.

खाजामियाँ : दाखवा मग. कदी कदी नुसती पत्ती वाकते. नवी कायकू घेता, मी दोन मिंटात करून देतो.

शिवकांता : न्हाई आता ती. विहिरीत पडली.

गुरुपादप्पा : विहिरीत? बंद पडली म्हनलीस.

शिवकांता : बंद पडली, मग पडली. बंद पडलेली काय हातात धरून आरती करू?

गुरुपादप्पा : बरं. खाजा, असं करू. तू तुजा तो आरसा दे. भिंतीवरला.

खाजामियाँ : दाढीचा?

गुरुपादप्पा : हां. मी हितं स्टुलावर सडकेकडं तोंड करून बसतो, गाडीत बसल्यावानी. आरसा डाव्या अंगाला धरतो. आगं, तू मागं जा, त्या कपाटापाशी. एकेक लाव. मी सांगतो कोनती दिसती.

शिवकांता : दुकानात लोक येतील, काय म्हनतील?

खाजामियाँ : कोन येतंय या उन्हात. मी शटर आर्धं ओढतो, तेवढाच आंधार. बसा अप्पा. हळू... स्टूल उजवीकडं हाय.

गुरुपादप्पा : म्हाईत हाय.

खाजामियाँ : भाभी, ही घ्या निळी. दाबा.

शिवकांता : दाबली.

गुरुपादप्पा : ...हां. दिसायली. पन मरतुकडी. दुसरी.

खाजामियाँ : ही प्लास्टिकची.

शिवकांता : दाबली.

गुरुपादप्पा : दाबली का?

शिवकांता : दाबली म्हनते ना.

गुरुपादप्पा : ही न्हाई चालत. हिचं बटनच वाजत न्हाई, हिचा काय उजेड पडनार.

खाजामियाँ : आता ही पोलादी. कडक बटन हाय भाभी, आंगठ्यानं दाबा.

गुरुपादप्पा : हां! ही. ही बग. असा उजेड पायजे. कसा लख्ख आला आरशात. परत लाव... हां. ही दे. हीच दे.

खाजामियाँ : हीच?

गुरुपादप्पा : हीच. काय झालं?

खाजामियाँ : काय न्हाई. भाभी, द्या हिकडं. मी... मी हिच्यात नवा सेल टाकून देतो.

गुरुपादप्पा : टाक. फोन वाजायलाय माझा. ठेकेदार आसल. हितं आवाज तुटतो, भाईर जातो.

खाजामियाँ : शटर खाली हाय अप्पा, डोकं सांभाळा. पायरी—

गुरुपादप्पा : म्हाईत हाय म्हनलं ना! तीस वर्षं ह्या दुकानात येतो मी.

(फोन कानाला लावून, दुसऱ्या हातानं शटर चाचपत गुरुपादप्पा बाहेर जातात.)

खाजामियाँ : भाभी. त्या पोलादीत सेल न्हवता. डब्यातनं काढली तशी दिली मी, चुकून.

शिवकांता : माझ्याच हातात होती की. मला दिसतं.

खाजामियाँ : बटनाचा आवाज ऐकून लख्ख म्हनले.

शिवकांता : घरातबी तसंच. तांब्या वाजला की हात पुढं येतो. न वाजवता ठिवला तर घंटाभर तान्हेले बसतील, पन मागनार न्हाईत.

खाजामियाँ : मागच्या महिन्यात मोंढ्याच्या बाजारात मी सलाम केला. तसेच पुढं गेले. मला वाटलं, टँकर मिळाला तर अप्पाला गर्मी आली. घरी जाऊन बायकोला, हुसेनबीला बोललो पन, मानूस बदलला म्हनून. कवापासून हे?

शिवकांता : दिवाळीच्या आसपास. आदी कडेकडेचं गेलं. डावीकडनं शेरडू आलं तरी कळंना. मग सांजंचं. आता मधलं तेवढं हाय, नळीतून बगितल्यावानी. डोळ्याच्या शिबिराला गेलते एकलेच. मला म्हनले, चष्मा लागतोय. चिठ्ठी उशीच्या अभ्र्यात ठिवली. मला कुठं वाचता येतं? सिंधु हाय ना, माझी भाची, तिच्याकडनं वाचून घेतली. काचबिंदू. गेलेलं माघारी येत न्हाई, हाय तेवढं औषधानं राखायचं. गाडी चालवू नये, आसंबी लिवलंय खाली.

खाजामियाँ : अप्पाला म्हाईत हाय का, की तुम्हाला म्हाईत हाय?

शिवकांता : आसल. चार महिने झाले, तो अभ्रा आमी दोघंबी धुवायला काढत न्हाई.

खाजामियाँ : या अल्ला. आन् सडकेवर? एवढी गाडी सडकेवर कशी येते?

शिवकांता : मी बाजूला बसते. खड्डा आला, बैल आला, फटफटी आली, बाई वळायली, हळू घ्या... घरापासून हितंपर्यंत तोंड चालूच. गावात म्हनतात, शिवकांताला म्हातारपनी बडबड लागली.

खाजामियाँ : आन् काल काय झालं? खरं सांगा.

शिवकांता : काल बॅटरी चालू होती.

खाजामियाँ : हं.

शिवकांता : चांगली पेटलेली, आरशाकडंच धरलेली. मी हात खाली केला. गाडी येतीच. वर केला, परत खाली केला. येतीच. मागं कठडा, त्याच्या मागं विहीर, तळाला गाळ आन् दगड. मी वरडले. कसली वरडले म्हाईत न्हाई, नाव घिऊन वरडले आसल, तवा थांबली. मागची लोखंडी पट्टी हितं कंबरंला येऊन टेकली होती. श्वास घेतला तर लागत होती.

खाजामियाँ : कुनी बघितलं न्हाई का?

शिवकांता : पन्नास बाया हुब्या होत्या घागरी घिऊन. सगळ्यांनी बगितलं. कुनी बोललं न्हाई. पाइप सोडला, पानी पडायलं विहिरीत, मग कोन बोलनार? मी तरी बोलले आस्ते का त्यांच्या जागी?

खाजामियाँ : आन् अप्पा?

शिवकांता : खाली उतरून आले. काय झालं, काय झालं, म्हनले. त्या तोंडाकडं बगवंना मला. म्हनलं, काय न्हाई, बॅटरी बंद पडली. तर कसं हसले हो! लेकरावानी. म्हनले, आसं व्हय, उद्या उदगिरातनं नवी घिऊ. आन् सकाळपासून गाडीत तेच, चांगली घिऊ, कडक घिऊ. मी ती चालू बॅटरी विहिरीत टाकली, भाईजान. चालू होती, खाली जाऊस्तोवर दिसत होती.

खाजामियाँ : थांबवा हे. आजच थांबवा.

शिवकांता : थांबवते. मग उद्या मोरतळवाडीला पानी कोन आननार? एक डायवर मिळंना. ऊस न्हाई म्हनून समदे पुन्याला गेलेत, न्हाई तर हैद्राबादला. गाडी हुबी ऱ्हाईली की ठेकेदार ती दुसऱ्या गावाला देतो, आदी आसं झालंय. आठ दिस आमी डबक्यातलं गाळून पिलो तवा. शेजारच्या शांतम्माची म्हातारी हागवनीनं गेली त्यात. माझ्या एका कंबरंपायी मी तीनशे घरं तान्हेली ठेवू?

खाजामियाँ : कंबर कालची झाली, भाभी. उद्या कंबरंवर भागनार न्हाई.

शिवकांता : म्हाईत हाय.

खाजामियाँ : मी बोलू का त्यांच्याशी? दोस्त हाय माझा.

शिवकांता : नको. तुमच्या पाया पडते. तीस वर्षं मानसाची एकच वळख हाय, डायवर. घरात चार मानसं आली तर कुठं बसावं कळत न्हाई ह्यांना, गाडीत बसले की राजावानी. ती काढून घेतली तर उरलं काय? एवढं करा, तुमच्याकडं सगळ्यात जास्त उजेडाच्या हायेत त्या दोन द्या. दोन बोटात दोन लावते. आन् एक शिट्टी आसली तर बगा.

खाजामियाँ : उजेडानं काय होनार आता?

शिवकांता : मग काय देता? तुमीच सांगा, काय देता?

गुरुपादप्पा : शटर वर कर रे खाजा. किती आंधार केलास.

खाजामियाँ : या, या अप्पा. पायरी... या.

गुरुपादप्पा : दोन खेपा वाढल्या. उद्यापासून शेजारच्या वाडीलाबी. पाहटं चारला निगायचं.

शिवकांता : तिथली विहीर तर शाळंच्या आवारात हाय.

गुरुपादप्पा : हां. फाटकातनं मागं घ्यावी लागती.

शिवकांता : तिथल्या बाया रोजगाराला गेल्यात. घागरी घिऊन लेकरं येतात तिथं. लहान लहान.

गुरुपादप्पा : मग? त्यास्नी पानी नको?

शिवकांता : तुमी हो म्हनलाव?

गुरुपादप्पा : न्हाई कसं म्हनू? दे खाजा, पोलादी दे. सेल टाकलास का?

खाजामियाँ : टाकतो. अप्पा, बसा जरा. मी घड्याळं दुरुस्त करायचं का सोडलं, कदी सांगितलं का तुम्हाला?

गुरुपादप्पा : मोबाइल आले. घड्याळं कोन घालतंय.

खाजामियाँ : समद्यांना तेच सांगतो मी. मोबाइल नंतर आले. माझा हात कापायला लागलता. एक साल मी लोकांना म्हनायचो, आजकाल स्क्रू खराब यायलेत. चिमटा खराब. दुकानात उजेड न्हाई म्हनून दिवा बदलला, दोनदा. एका मास्तरच्या घड्याळाचं चक्र माझ्या हातानं तुटलं, बापाचं घड्याळ होतं त्यांच्या. मी सांगितलं, आदीच तुटलेलं होतं. बेगमबी, आमची अम्मी, तिथं कोपऱ्यात बसलेली. तिनं समदं बघितलं आन् तस्बीची माळ फिरवत राहिली. रात्री मला म्हनली, बेटा, स्क्रू चांगले हायेत.

गुरुपादप्पा : हे मला कशाला सांगायलास?

खाजामियाँ : असंच. आठवलं.

गुरुपादप्पा : तुजं घड्याळ. घड्याळ थांबलं तर कोन मरतं? गाडी थांबली तर गाव मरतं. मला शिकवू नको.

खाजामियाँ : न्हाई शिकवत.

गुरुपादप्पा : बॅटरी दे. निगायचं हाय.

शिवकांता : देऊ नका, भाईजान.

गुरुपादप्पा : का?

शिवकांता : मी उद्या हुबी न्हाई ऱ्हानार.

गुरुपादप्पा : मग कोन ऱ्हाईल?

शिवकांता : कुनीच न्हाई. त्या शाळंच्या विहिरीवर मी कुनाला हुबं करू? आठ वर्षांच्या लेकराला सांगू, हात वर धर बाळा, आजोबा येतात?

गुरुपादप्पा : काल लागलं का तुला?

शिवकांता : न्हाई.

गुरुपादप्पा : रात्री कुशीला वळताना थांबत होतीस. तीनदा. मी जागा होतो.

शिवकांता : थोडं लागलं. हळद लावली.

गुरुपादप्पा : बाया काय म्हनल्या?

शिवकांता : काय म्हनतील? पानी शेंदलं.

गुरुपादप्पा : खाजा.

खाजामियाँ : जी.

गुरुपादप्पा : मगा त्या पोलादीत सेल होता का?

खाजामियाँ : अप्पा, सोडा ना ते. मी चहा सांगतो.

गुरुपादप्पा : तुजा आवाज तवाच बदलला. मी आवाजावर चालतो आजकाल. होता का सेल?

खाजामियाँ : न्हवता.

गुरुपादप्पा : हं.

शिवकांता : अहो, कालची ती बॅटरीबी—

गुरुपादप्पा : ऱ्हाऊ दे. ते नको सांगू. तेवढं मला म्हाईत हाय.

शिवकांता : कवा कळलं?

गुरुपादप्पा : तू बंद पडली म्हनलीस ना, तवाच. तू खोटं बोलतीस तवा लई थोडं बोलतीस. एक शब्द बोललीस आन् गप झालीस. मला तेच बरं वाटलं. दिवसभर गाडीत मी तेच धरून बसलो, बॅटरी बंद पडली, बॅटरी बंद पडली. आन् आता त्यानं फोनवर शाळा म्हनलं, मी हो म्हनलं. माझं तोंड हो म्हनलं बग, मी न्हाई.

खाजामियाँ : अप्पा, पानी घ्या थोडं.

गुरुपादप्पा : नको. आगं, फोन लाव त्याला. मला ती बारकी अक्षरं... तूच लाव. हिरवं बटन दाबलं की शेवटी बोललेलाच लागतो.

शिवकांता : काय सांगनार?

गुरुपादप्पा : लाव.

शिवकांता : उद्या गावात पानी न्हाई येनार. बाया आपल्या दारात येतील. आपल्याला शिव्या देतील.

गुरुपादप्पा : देतील. मी ऐकीन. लाव, शिवकांता.

शिवकांता : लागला. घ्या.

गुरुपादप्पा : हॅलो. मी गुरुपादप्पा... हां, खेपेचंच. उद्यापासून दुसरा मानूस बगा... वाढलेल्याच न्हाई, समद्याच. पन मोरतळवाडीची गाडी तोडू नका, मी तुमच्या दारात येऊन बसंन... न्हाई हो, पैशाचं न्हाई. कुनी काय बोललं न्हाई मला... गाडी चांगली हाय. निमाखाली हुबी हाय, उदगिरात, चावी खाजामियाँच्या दुकानात ठेवतो... न्हाई, आजारी न्हाई. ऐका... साहेब, जरा ऐका ना. मला दिसत न्हाई.